मागच्या रांगेतून दिसणारं मेडल

हिशेब तुळसाबाईने आधीच पक्का करून ठेवला होता. नवरा उसना द्यायचा तो मतदानापर्यंत. बदल्यात धंतोलीतल्या दवाखान्यात एक पलंग, लोखंडी, पायाकडच्या बाजूने उचलता येणारा, आणि जखम भरेपर्यंत त्या पलंगावरून कुणी उठवायचं नाही. याच्यावर तिने काही मागितलं नाही. मंडपवाल्या भैय्याजीने आपणहून लुगडं देऊ केलं, तेव्हा ती म्हणाली, "लुगडं तुमच्या मनोहररावाच्या बायकोले नेसवा. निवडून आल्यावर फोटोत लागन तिले."

पलंगाचं महत्त्व नागपुरात पाचपावलीतल्या तिच्या खोलीत गेल्याशिवाय कळायचं नाही. तिथे एकच बाज होती आणि ती मधोमध अशी खचलेली, की निजणाऱ्याचं डोकं आणि पाय आपोआप एका पातळीत यायचे. सरकारी दवाखान्यात पलंग रिकामा नव्हता, आणि तिथल्या डॉक्टरने तर सांगितलं होतं की बळीरामचा उजवा पाय महिनाभर उंच ठेवा, जमिनीला टेकवू नका, रोज पट्टी बदला. नाहीतर पाय हातचा जाईल. तुळसाबाईने पायाखाली विटा रचून पाहिल्या, वर गोधडी घालून पाहिली. पण संडास गल्लीच्या टोकाला, नळ त्याच्याही पुढे, आणि ती स्वतः दिवसभर इतवारीत धान्य पाखडायला. माणूस किती वेळ पाय वर करून राहणार?

हा पाय बळीरामने नेफात खर्ची घातला होता, दहा वर्षांपूर्वी, चीनच्या लढाईत. गोळी नाही, गोळा नाही, नुसती थंडी. पलटण मागे फिरली तेव्हा बर्फात दोन बोटं काळी पडली, ती पुढे दवाखान्यात कापली. मागे फिरताना पलटणीच्या कचेरीलाच काडी लावलेली, त्यामुळे कागद सगळे जळाले. दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'पायाला जखम' असं लिहिलं होतं. ती कशाने झाली हे लिहायचं राहून गेलं. तेवढ्यावर बळीराम घरी आला तो ना पेन्शनीचा ना इलाजाचा. बोटांची जागा दर हिवाळ्यात चिघळायची. या दिवाळीपासून ती भरेचना.

दुसरीही एक वाट होती, आणि ती खरी होती. वस्तीतच सुभेदार महादेवराव राहत. त्या माघारीत त्यांनी बळीरामला खांद्यावर घालून खाली आणलं होतं. जखम नोकरीतली आहे असं त्यांनी सैनिकांच्या कचेरीत उभं राहून सांगितलं की लगेच पेन्शन सुरू होणार आणि कामठीचा फौजी दवाखाना हक्काने उघडणार. सात वर्षं रखडलेल्या त्या अर्जाची तारीख एकदाची लागली होती, एप्रिलमध्ये. पण एप्रिल लांब होता आणि पाय जवळ होता. एक वाट बंद झाली तर दुसरी राहील, असा तुळसाबाईचा विचार. दोन्ही वाटा एकाच पुलावरून जातात हे तिला तेव्हा दिसलं नाही.

भैय्याजीचा मूळ धंदा गांधीबागेत मंडप, सतरंज्या आणि कर्णे भाड्याने द्यायचा. लग्न असो, तेरवी असो, सभा असो, त्याला तिन्हींत फरक फक्त सतरंजीच्या रंगाचा. मनोहरराव विधानसभेला उभे राहिले तेव्हा मंडपासोबत माणसं पुरवायचं कामही त्याच्याकडे आलं. डिसेंबरात बांगलादेशची लढाई जिंकलेली, गल्लोगल्ली जवानाचं नाव. मनोहररावांनी आपली अख्खी निवडणूक त्यावरच बेतली: जवानाला हक्काचा पलंग, गरिबाला घरपोच औषध, आणि धंतोलीत मेहुण्याच्या दवाखान्यावर जवानांचा वेगळा वॉर्ड. सगळं होतं, फक्त मंचावर ठेवायला जवान नव्हता.

"बांगलादेशातले जखमी अजून फौजी दवाखान्यातच आहेत, वहिनी," भैय्याजी उंबऱ्यावर टेकत म्हणाला. "सरकार सोडूनच नाई राहिलं. म्हणून म्हटलं, घरचाच माणूस पाहू."

"आमचे त बासष्टचे आहेत."

"तेच त अडचण आहे. बासष्टची लढाई आपण हरलो. हरलेल्या लढाईवर मत कोण देते?"

"आपण हरलो असन, भैय्याजी. थंडी नाई हरली. बोटं तिनंच नेली."

भैय्याजी हसला. त्याला तुळसाबाईचं बोलणं आवडायचं, कारण ते फुकट होतं. "मी काय म्हणतो, नेफाही पूर्वेलेच अन बांगलादेशही पूर्वेलेच. गाडी एकाच फलाटावरून सुटते. दोन टेसनं इकडंतिकडं झाले त कोणाचं काय बिघडते?"

आत बाजेवर बळीराम इतका वेळ छताकडे पाहत होता. तो म्हणाला, "मी बासष्टचा आहो. मले एकाहत्तरच्या लढाईत काहून पाठवता?"

"पाठवत नाई जी कोणी," तुळसाबाई म्हणाली. "नावालेच जाऊन यायचं. मतं पडले का वापस."

"अन माझ्यासंगचे तिथं बर्फात राहिले, त्याईचं काय करू?"

"ते मले पलंग देऊन राहिले काय?"

बळीराम पलटणीत राहिलेला माणूस, वरून हुकूम आला की वाद घालायची त्याला सवय नव्हती, आणि त्या घरात वर कोण होतं हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी भैय्याजी सामान घेऊन आला: खाकी कपडे, टोपी, नवे करकरीत बूट. बळीरामने कपडे घातले आणि ट्रंकेच्या तळातून चिंधीत बांधलेली दोन मेडलं काढली. छोटी, रिबिनीचा रंग उडालेली, पण पलटणीने दिलेली. भैय्याजीने ती तळहातावर घेतली, हात लांब केला, डोळे बारीक केले.

"हे मागच्या रांगेतून दिसत नाई, बळीरामभाऊ."

मग त्याने खिशातून इतवारीतल्या नक्षीवाल्याकडून करून घेतलेलं मेडल काढलं. पितळी, वर चांदीचं पाणी, मधोमध सिंह, भोवती सूर्याची किरणं, आणि आकाराने चहाच्या बशीएवढं. दिल्लीत या लढाईचं मेडल अजून कुणी पाहिलंही नव्हतं, नागपुरात मात्र ते तयार होतं.

"हे कोणी देल्लं?" बळीरामने विचारलं.

"मनोहररावनं."

"मनोहरराव काय राष्ट्रपती आहे?"

"होतील. पहिले आमदार त होऊ द्या."

बळीराम छाती मागे घेत होता. तुळसाबाईने भैय्याजीच्या हातातून मेडल घेतलं आणि स्वतः टाचलं. पिन कापडात जात नव्हती, तिने दात लावून वाकवली. "कुंकू पुसून राहिली का मी तुमच्या नावाचं? मेडलच त लावून राहिली," ती म्हणाली. बुटाचं काम जास्त कठीण गेलं. उजव्या पायाला पट्टीचा गोळा, त्यावर नवं कातडं. ते चढवताना बळीरामने बाजेची दोरी हातात घट्ट धरली होती.

पहिली मोठी सभा पाचपावलीतच. कर्ण्यांवरून जीप आधीच ओरडून गेली होती, 'जवानाचा पाय, मनोहररावांचा न्याय'. भैय्याजीने मंचावर बळीरामसाठी गादीची खुर्ची ठेवली होती, कारण पाय जपायचा हे ठरलेलं होतं. पण बळीराम चढला, समोर झेंडा पाहिला आणि टाच जुळवून उभा राहिला. मनोहरराव म्हणाले, बसा, बसा. तो बसला नाही. अंगात खाकी चढल्यावर 'विश्राम' म्हटल्याशिवाय हालायचं नसतं, आणि त्या मंचावर वकील होते, कापडवाले होते, एक माजी महापौर होते, पण 'विश्राम' म्हणायचं असतं हे ठाऊक असलेला एकही नव्हता. लोकांना वाटलं, काय हा ताठा. टाळ्या पडल्या. तुळसाबाई बायकांच्या बाजूला बसली होती. तिला बुटाची शिवण ओली दिसत होती.

मनोहरराव चांगलं बोलायचे. "या जवानानं बांगलादेशच्या भूमीवर आपला पाय ठेवला तो ठेवला," ते म्हणाले, "अन आपण त्याले साधा पलंग देऊ नाई शकलो. मी देईन. माझ्या जवानाले रांगेत उभं राहावं लागणार नाई." असं ते म्हणत असताना त्यांचा जवान त्यांच्या मागेच उभा होता, तासाहून जास्त वेळ.

पुढच्या रांगांत सुभेदार महादेवराव होते. सैनिकांच्या इलाजाची गोष्ट निघणार म्हणून आले होते, कोट घालून, छातीवर आपली मेडलं लावून. ते एकदम उठले. गर्दीने वाट दिली. ते मंचाच्या कडेला आले आणि बळीरामच्या छातीकडे पाहत राहिले. बळीरामने त्यांना पाहिलं. सुभेदार समोर आल्यावर जे करायचं ते त्याच्या हाताने आपोआप केलं. खाडकन सलाम ठोकला, आणि हात कपाळाशीच ठेवला, उत्तराची वाट पाहत.

महादेवरावांनी सलाम घेतला नाही. वळले आणि ज्या वाटेने आले त्याच वाटेने निघून गेले. बळीरामचा हात बराच वेळ कपाळाशी होता. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

सकाळी इतवारीला न जाता तुळसाबाई महादेवरावांकडे गेली. रुख्मिणीबाई, त्यांची बायको, चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने नजरेनेच सांगितलं की आज हवा बरी नाही. महादेवराव खाटेवर बसून दाढी करत होते; आरशातून डोळे काढले नाहीत.

"सुभेदारसाहेब, ते मेडल म्याच टाचलं," तुळसाबाई म्हणाली. "ह्याईचा दोष नाई त्यात."

"सलाम त्यानं ठोकला. तो हात तुमचा नव्हता."

"पलंगासाठी केलं जी. पाय सडून राहिला."

"मले माहीत आहे पाय. मीच आणला तो खाली." वस्तरा थांबला. "आता कचेरीतला साहेब मले विचारन, हा तोच काय, बांगलादेशवाला, मनोहररावच्या पत्रकावर फोटो आहे तो? मी काय सांगू? एका जबानीत दोन लढाया कशा बसवू?"

"खरं आहे तेच सांगा. नेफातलं."

"खरं त्याच्यापाशी होतं. दोन होते. ते ठेवून त्यानं ताटली लावली." महादेवरावांनी फेस पुसला. "तुळसाबाई, तिथं आमचे जे पडले त्याईले कोणी काई देल्लं नाई. ना मेडल, ना सरणाची लाकडं. त्याईच्या नावानं मी बळीरामले नेणार होतो कचेरीत. त्यानंच त्याईले सोडून देल्लं, तं मी कोणाच्या नावानं बोलू?"

"माणूस जाईल तिचा, अन तुम्ही मेडलं मोजून राहिले," रुख्मिणीबाई चुलीपाशी म्हणाली.

"मोजतो. मले तेवढंच शिकवलं."

बाहेर पडताना रुख्मिणीबाईने तुळसाबाईच्या हातावर गरम भाकरी ठेवली. नवऱ्याच्या पाठीमागे जेवढं देता येतं तेवढं तिने दिलं.

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? नवऱ्याला घरी बसवलं असतं, मेडल नालीत टाकलं असतं, सुभेदाराच्या दारात चार सकाळी धरणं धरलं असतं. तुळसाबाई शहाणीच होती, म्हणून तिने उलटं केलं. एक वाट बुजली, उरली ती एकच. मग तिच्यात अजून घालायला हवं. पत्त्यांच्या डावात हरणारा असाच शेवटचा पैसा काढतो. बळीराम म्हणाला, "वं तुळसे, पायातून वास येऊन राहिला. आज राहू दे." ती म्हणाली, "आता हातातोंडाशी आलं जी. चार सभा सोसा." आणि खाली बसून तिने बूट चढवला. वास तिलाही आला. तिने पट्टीवर निरगुडीचा पाला बांधला, वर मोजा ओढला.

चार सभांच्या दहा झाल्या. जीपवर उभं राहून बळीराम इतवारीतून गेला, तेव्हा तिच्यासोबतच्या पाखडणाऱ्या बाया सूप खाली ठेवून पाहायला आल्या. "तुहा नवरा त मोठा झाला वं," एक म्हणाली. "झाला ना," तुळसाबाई म्हणाली, "चालता येत नाई म्हणून जीपवर नेऊन राहिले." सगळ्या हसल्या. ती सगळ्यांत मोठ्याने हसली.

मनोहरराव निवडून आले. गुलालाची मिरवणूक निघाली. जवान सगळ्यांत पुढे होता. घरी आणून बाजेवर टाकला तेव्हा त्याला ताप होता, आणि उजवा बूट पायातून निघेना.

दुसऱ्या सकाळी तुळसाबाईने सायकल रिक्षा केली आणि धंतोली गाठली. दवाखाना खरंच चांगला होता. फरशीवर आपलं तोंड दिसावं इतका. उघड्या दारातून तिने पलंग पाहिला, पांढरा, लोखंडी, पायाकडे फिरवायचा दांडा असलेला. रिकामा होता. खिडकीतल्या माणसाने नाव विचारलं, मग म्हणाला, "फौजी आहेत त फौजेचा कागद दाखवा. जवानांले फुकट आहे, पण कागद पाहून."

"कागद काहून पायजे? तुमच्याच साहेबानं मंचावरून सांगितलं, हे जवान आहेत म्हणून. अख्ख्या नागपूरनं ऐकलं."

"मंचावर सांगितलेलं आम्हाले रजिस्टरात नाई लिहिता येत, बाई. साहेबाचाच निरोप आहे. म्हणे आता खोटे जवान भल्ले येतील, कागद पाहूनच घ्या."

"अन वॉर्ड?"

"वॉर्ड होणार आहे ना. वरचा मजला चढला का."

भैय्याजी मंडप सोडवण्यात होता. तो म्हणाला, साहेब मुंबईले गेले शपथेले, आले का मी स्वतः सांगतो. त्याने खोटं सांगितलं नाही. साहेब आले तेव्हा त्याने खरंच सांगितलं, आणि साहेब म्हणाले, कचेरीचा कागद घेऊन या म्हणावं, लगेच करू. कचेरीच्या कागदाला सुभेदाराची जबानी हवी होती.

पाय सरकारी दवाखान्यात कापला, गुडघ्याच्या वरून. तिथल्या डॉक्टरने तिला एकच प्रश्न विचारला: महिनाभर पाय वर ठेवा म्हटलं होतं ना, मग हा बूट कशाला घातला? बूट कात्रीने कापून काढला होता. तुळसाबाई म्हणाली, "थंडी वाजत होती जी त्याईले." मार्च संपत आला होता आणि बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडायला लागलं होतं.

एप्रिलच्या तारखेला ती एकटी कचेरीत गेली. बाकावर बसून राहिली. दारातून कोट घातलेला कुणीही आत आला की उठायची. महादेवराव आले नाहीत. संध्याकाळी शिपायाने खिडक्या लावायला घेतल्या. साक्षीदार हजर नाही म्हणून अर्ज निकाली, असं कारकुनाने सांगितलं, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

पावसाळ्याआधी भैय्याजी घरी आला. उंबऱ्यावर न टेकता उभाच राहिला. "वहिनी, ते मेडल अन बूट न्यायचे होते. पुढं महापालिकेची निवडणूक आहे. दुसरा एक पाहून ठेवला आहे, त्याचा हात नाई."

तुळसाबाईने ट्रंकेतून मेडल काढून दिलं. त्याने ते बाहीला पुसून खिशात टाकलं. बुटांपैकी डावाच होता.

"उजवा?"

"दवाखान्यात राहिला. पायासंगच."

भैय्याजीने डावा बूट हातात उलटासुलटा केला. एका बुटाचं भाडं कुणी देत नाही. "मंग ठेवा हा," तो म्हणाला. "ह्याईच्या कामाचाच आहे. साहेबाकडून समजा."

बळीराम बाजेवर होता. गल्लीत नवीनच राहायला आलेली जिजाबाई त्याचवेळी पाण्याची घागर घेऊन चालली होती. तिने दारातून सहज विचारलं, "दादा फौजेत होते म्हणे? कोण्या लढाईत गेला पाय?"

"कोण्याच नाई," बळीराम म्हणाला. "पडलो होतो."

तर शेवटी कुणी काय भरलं ते असं. मनोहररावांनी एक बूट, डावा. त्यांच्या मेहुण्याने दवाखान्याच्या जिन्यात एक पाटी, 'जवान कक्ष, नियोजित'. भैय्याजीने काही नाही. त्याचं मेडलही त्याला परत मिळालं. महादेवरावांनी आपली सोबत भरली, कारण त्या बर्फाचं बोलायला नागपुरात त्यांना बळीरामशिवाय दुसरा माणूस नव्हता, आणि आता रोज संध्याकाळी ते कोट घालून चहाच्या दुकानात एकटेच बसतात. बळीरामने पाय भरला, आणि पायासोबत लढाईही. राहिले ते तिथे वर पडलेले. त्यांनी तर दहा वर्षांपूर्वीच सगळं भरून टाकलं होतं. तुळसाबाईने त्यांच्याकडून पुन्हा एकदा घेतलं, त्यांच्या नावाने कचेरीत बोललं जाणार होतं तेही, आणि ते कुठल्या पलंगाला लागलं, हे तिला कुणाला सांगता आलं नाही.